हसूदादाचे जोड

हसुराम ठाकूर प्लंबर होता, एवढंच कुणी म्हटलं तर मला ते अपुरं वाटतं. अलिबागेत प्लंबर पुष्कळ आहेत. पण तांब्याच्या नळाचं काम निघालं की लोक चेंढऱ्यातल्या माझ्या दुकानात येऊन विचारत, "हसूदादा कुठं भेटेल?" मोबाइल त्याच्याकडे होता, पण शिडीवर असताना तो उचलायचा नाही, आणि दिवसाचा बराचसा वेळ तो शिडीवरच असायचा.

माझे यजमान अचानक गेले आणि नळ-पाइपांचं हे दुकान माझ्या अंगावर पडलं, तेव्हा दोन्हीकडची माणसं ते विकून टाक म्हणत होती. मला एल्बो आणि टी यांतला फरक कळत होता, त्यापुढे सगळा अंधार. मिस्त्री येत, मालाचं नाव घेत, आणि मी फळ्यांकडे बघत उभी राही. काही जण हसत, काही शेजारच्या दुकानात जात. हसूदादा मात्र मालाचं नुसतं नाव घ्यायचा नाही. "वैनी, ते बावीसचं युनियन द्या. तिसऱ्या फलीवर, निल्या खोक्यात, मधी मोठी चाकी असलेलं." दुकानात आणखी गिऱ्हाइकं असली तर हे सगळं तो अशा पुटपुटत्या आवाजात बोले की ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा स्वतःलाच आठवण करून देतोय. चारेक महिन्यांत मला दुकान पाठ झालं. आपण मला शिकवलं असं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. म्हणून मी सांगते.

तो बुटका होता, खांद्यात रुंद. चष्म्याची एक काडी पांढऱ्या टेफ्लॉन टेपनं गुंडाळलेली. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पॉलिश पेपरची सुरळी. बोलता बोलता ती काढून काउंटरवर पडलेला एखादा तांब्याचा तुकडा तो घासायला लागे, आणि बोलणं संपेपर्यंत तुकडा चकाकत असे. गाव खारेपाटातलं. तिथली भातशेती खाडीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली असते. त्याचे वडील भरतीच्या दिवसांत बांधावरून अनवाणी चालत जायचे. कुठं ओल लागतेय, कुठं माती दबतेय, ते तळपायाला समजायचं. "बांधाला खांड पडते ना वैनी, ती लाटेनं नाय पडत," हसूदादा म्हणायचा. "खेकड्याच्या बिलानं पडते. लाट नंतर येते." बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की पुढची काही वर्षं तिथं धड पीक येत नाही. लहानपणी त्यानं ते एकदा पाहिलं होतं. पाण्याची त्याला भीती नव्हती, पण पाण्याशी थट्टा केलेली त्याला खपायची नाही.

तरुणपणी तो उरणच्या बाजूला एका ठेकेदाराकडे पाइप फिटरच्या हाताखाली लागला आणि तिथं तांबं जोडायला शिकला. नळाचं टोक घासायचं, जोडात बसवायचं, गॅसची ज्योत लावून तापवायचं आणि वितळलेला धातू फटीत ओढला जाईल असा सोडायचा. पुढं मुंबईकरांचे बंगले आवासला, नागावला, किहीमला उठले, गच्च्यांवर सौर बंब आले, आणि गरम पाण्याला तांब्याचेच नळ हवेत म्हणणारे मालक आले. तीस वर्षं हसूदादाच्या ज्योतीला उसंत नव्हती. त्याचा जोड बाहेरून बघितला तर फक्त एक बारीक चंदेरी कडी दिसायची, अंगठी घातल्यासारखी.

अशा माणसाच्या हातून नागावच्या एका बंगल्यात आग लागली.

न्हाणीघराच्या भिंतीला बाहेरून लाकडी फळ्या लावलेल्या होत्या. जोड झाला, हसूदादानं ओलं फडकं फिरवलं, सामान आवरलं आणि तो खाली जेवायला बसला. डबा अर्धा खाऊन झाल्यावर त्याला काय वाटलं कोण जाणे, तो तसाच उष्ट्या हातानं वर गेला. फळीमागून धुराची बारीक रेघ निघत होती. त्यानं पहारीनं फळी उचकटली आणि आतली धुमसणारी कडा दोन बादल्या पाण्यानं विझवली. नुकसान म्हणाल तर हातभर फळी. मालक मुंबईत. नवी फळी ठोकून रंग मारला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. हसूदादानं तिथूनच मालकाला फोन केला आणि म्हणाला, "तुमच्या घराला माझ्या हातनं आग लागली होती. विझली. पन तुम्ही येऊन बघा."

मालक आला, फळी बघितली आणि उलट पुढच्या बंगल्याचं कामही त्यालाच देऊन गेला. पण हसूदादाचा जीव त्यातून निघाला नाही. त्यानंतर कुठंही ज्योत लावली की काम संपल्यावर तो तासभर त्या जागेजवळ पाण्याची बादली घेऊन बसून राहायचा. बरोबरचे मिस्त्री चेष्टा करत. त्याचं उत्तर ठरलेलं: "आग लगेच तोंड दाखवत नाय."

ह्यानंतर वर्षभरातच ते प्रसूतिगृहाचं काम आलं.

गावातलं जुनं प्रसूतिगृह. वरच्या मजल्यावर बाळंतिणी आणि गरम पाणी खाली. जुने लोखंडी नळ गंजून बंद पडलेले, त्यामुळे तिथल्या मावशी सकाळ-संध्याकाळ बादल्या भरून जिन्यानं वर नेत. एका मावशींचा पाय घसरून कढत पाणी त्यांच्याच पावलांवर सांडलं, तेव्हा डॉक्टर बाईंनी ठरवलं की गच्चीवर सौर बंब बसवून प्रत्येक खोलीत तांब्याच्या नळानं पाणी आणायचं. अडचण एकच होती. नळ जाणार होते पातळ लाकडी छतावरून, आणि खाली खाटांशेजारी ऑक्सिजनचे सिलिंडर. ज्योत लावायचा प्रश्नच नव्हता. मुंबईहून एका कंपनीची माणसं येऊन बघून गेली. त्यांच्याकडे ज्योतीशिवाय, नुसतं दाबून जोड करायचं मशीन होतं. पण वरचा मजला दोन आठवडे पूर्ण रिकामा करा, ही त्यांची अट होती.

डॉक्टर बाई माझ्या दुकानात आल्या तेव्हा हसूदादा तिथंच स्टुलावर होता.

"मजला रिकामा केला तर माझ्या बायका कुठं जाणार?" बाई म्हणाल्या. "रेवदंड्याकडून, पोयनाडकडून येतात. एकेक खोली करून देणारं कुणी आहे का? ज्योत न लावता?"

मी हसूदादाकडे बघितलं. त्याच्या हातातला पॉलिश पेपर थांबला होता.

"मना आज सांगता येनार नाय," तो म्हणाला. "पंधरा दिवस द्या."

बाई गेल्यावर तो मला म्हणाला, "ते दाबायचं मशीन आपन शिकायला पायजे वैनी. मी आता साठीला आलो, पन त्यात काय."

मुंबईच्या कंपनीकडे होतं तसलं मशीन घ्यायचं तर त्या किमतीत नवी मोटारसायकल आली असती, आणि वर काही उरलं नसतं. मग स्वस्तातलं शोधायचं. या शोधात त्याचा जोडीदार होता अन्वरभाई. हा मुरुडकडचा प्लंबर, हसूदादाहून वीस वर्षांनी लहान, हात चलाख आणि बोलणं त्याहून. अन्वरभाई मोबाइलवर रोज नवं मशीन दाखवायचा. शेवटी त्यानं ओळखीतून बॅटरीवर चालणारं एक स्वस्त मशीन चार दिवसांसाठी मिळवून आणलं. दिसायला झकास. बटण दाबलं की जबडा मिटायचा, हिरवा दिवा लागायचा, जोड तयार. खरं सांगायचं तर त्याच मशीनचा एक एजंट माझ्याकडेही येऊन गेला होता, आणि दुकानात ती ठेवायची असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

हसूदादानं आधी मशीन चालवलंच नाही. त्यानं चष्मा वर करून जबड्याच्या आतला भाग नखानं चाचपला, मग माझ्याकडच्या दाबायच्या जोडांचा डबा मागवला.

"हे बघ अन्वर. जबड्यावर कंपनीनं अक्षर टाकलंय. आनि ह्या जोडाच्या डब्यावर येगलं अक्षर हाय."

"अरे हसूभाऊ, माप तर एकच ना. पंधरा म्हणजे पंधरा."

"माप एक, पन दाबायचा घाट येगला. तुझ्या पायाचं नि माझ्या पायाचं माप एक असंल, म्हनून तुझी चप्पल माझ्या पायाला बसंल काय?"

मग जबड्याच्या घाटाला जुळणारे जोड मी दुसऱ्या डब्यातून काढून दिले. दुकानामागच्या पडवीत त्यांनी पंधरा, बावीस आणि अठ्ठावीस मिलिमीटरचे जोड दाबले. नळ सरळ कापायचा, कापलेली धार आतून-बाहेरून घासून काढायची, म्हणजे आतली रबराची रिंग फाटत नाही. मग नळ जोडात किती आत जायला हवा तिथं मार्करनं रेघ मारायची आणि मग दाबायचं. लहान दोन्ही मापं छान बसली. अठ्ठाविसालाही हिरवा दिवा लागला. अन्वरभाई खूश.

हसूदादानं जाडी मोजायचा व्हर्नियर काढला आणि दाबलेला भाग तीन बाजूंनी मोजला. परत मोजला. त्या जोडातून त्यानं आधी कढत आणि मग गार पाणी सोडायला सुरुवात केली. दर वेळी पंपानं दाब चढवायचा, फडक्यानं जोड पुसायचा आणि फडकं गालाला लावून बघायचं. असं तीन दिवस. येणारंजाणारं गिऱ्हाईक पडवीत डोकावून जायचं.

"गळत तर नाही ना?" अन्वरभाईनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"आज नाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं फडकं गालाला लावलं आणि ते अन्वरभाईच्या हातात दिलं. पुसटशी ओल होती. हॅक्सॉ करवतीनं जोड उभा कापल्यावर दिसलं, की जबडा एका अंगाला पूर्ण मिटलाच नव्हता आणि तरीही मशीननं हिरवा दिवा दाखवला होता. हसूदादानं ते कापलेलं अर्धुक माझ्या काउंटरवर आणून ठेवलं. मशीन दुकानात ठेवू नका, असा शब्दही तो बोलला नाही. मी एजंटला फोन करून नको म्हणून सांगितलं.

मला वाटलं, आता हे काम त्याच्या हातून गेलं. पंधरातले नऊ दिवस संपले होते. हसूदादा स्टुलावर बसून प्रसूतिगृहाचा नकाशा बघत होता. डॉक्टर बाईंनी दिलेला कागद, त्यावर त्यानं पेन्सिलीनं जाड-बारीक रेघा ओढलेल्या. एकाएकी तो म्हणाला, "अन्वर, जाडा नळ सगला गच्चीवर हाय. गच्ची उघडी. तिथं आपली ज्योत चालते. मग जाडा नळ दाबनारं मशीन आपल्याला हवंय कशाला?"

अन्वरभाई नकाशावर वाकला.

"खोल्यांमधी फक्त पंधरा आनि बावीस. तेवढंच दाबनारं, दांडी हातानं मारायची असं हातपंपाचं मशीन असतं. बॅटरी नाय, दिवा नाय. लाइट गेली तरी चालंल. हात दुखतील, दुखू देत."

मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या माणसांनीही सगळं काम एका मशीननं करायचं म्हणून महागडं मशीन घेतलं होतं. ह्यानं कामच दोन भागांत तोडलं, आणि मशीन आपोआप आवाक्यात आलं.

दोघं एसटीनं कळंबोलीला गेले. तिथं अशी हत्यारं दुरुस्त करणारं एक दुकान होतं आणि त्याच्याकडे हातपंपाचं एक वापरलेलं मशीन विकाऊ होतं. पुढचा प्रसंग अन्वरभाई अजून रंगवून सांगतो. हसूदादानं पिशवीतून स्वतःचे नळ, स्वतःचे जोड, हॅक्सॉ आणि व्हर्नियर असं सगळं काढून दुकानदाराच्या टेबलावर मांडलं आणि वीस जोड दाबून बघितले. पाच कापले. पंपाचा दाब पुरा झाल्याशिवाय हे मशीन जबडा सोडतच नव्हतं, अर्धवट ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येत नव्हतं. ते बघून तो पहिल्यांदा हसला. मग प्रश्न. आतली सीलं कधी बदलली? दाब तपासल्याचा कागद देणार का? जबडा बिघडला तर दुसरा किती दिवसांत मिळेल?

"आठवडा लागेल," दुकानदार म्हणाला.

"आठवडा तर आठवडा. खरं सांगितलंत." आणि दोघांनी मिळून ते मशीन घेतलं.

चौदाव्या दिवशी हसूदादा डॉक्टर बाईंकडे गेला आणि होय म्हणाला.

काम एकेका खोलीनं चाललं. एका खोलीतल्या बाळंतिणी शेजारच्या खोलीत जायच्या, छताच्या फळ्या उतरायच्या, दोन-तीन दिवसांत नळ होऊन फळ्या परत बसायच्या. वर ना आवाज, ना धूर, ना वास. पंपाची दांडी हलल्याची नुसती कुरकुर. मी एकदा हिशेबाबाहेरचे दोन जोड पोचवायला गेले, तर पलीकडच्या खोलीत पोर झोपलेलं आणि इकडे हसूदादा शिडीवर अर्धा छतात. दाबलेल्या प्रत्येक जोडावर तो मार्करनं बरोबरची खूण करायचा. खूण नाही तो जोड झालेला नाही, असा त्या दोघांतला करार.

तीन खोल्यांची छतं परत बंद झाली, चौथीचं छत उघडं होतं, आणि त्या दिवशी सकाळी सगळ्या लाइनला पाण्याचा दाब देऊन तपासायचं होतं. मीही गेले होते. आधी थोडाच दाब. अन्वरभाई पंपावर, हसूदादा जोडांखाली उभा. दोन मिनिटांत चौथ्या खोलीतल्या एका जोडातून थेंब पडला. मग दुसरा.

अन्वरभाई शिडीवर चढला आणि खाली उतरून हळूच म्हणाला, "खूण नाही. दाबायचा राहिलाय. मी आत्ता दाबतो, एका मिनिटाचं काम. बाई खाली ओपीडीत आहेत."

"कोनी लावला होता?"

ती बाजू हसूदादाची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बाईंना बोलाव," हसूदादा म्हणाला.

डॉक्टर बाई वर आल्या. हसूदादानं चष्मा काढून हातात धरला. "बाई, एक जोड दाबायचा राहिला. माझ्या हातनं राहिला. तुमच्यासमोर दाबतो, मग सगली लाइन पयल्यापासनं तपासू."

त्यानं जोड दाबला, खूण केली. लाइन परत तपासली, आधी कमी दाबानं, मग चढ्या दाबानं. पंपावरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा तासभर जागचा हलला नाही. बाई म्हणाल्या, "झालं तर. उत्तम."

"झालं नाय. त्या तीन खोल्यांची छतं उघडावी लागतील."

"कशाला? काटा तर स्थिर आहे."

"न दाबलेला जोड कधी कधी नुसत्या रबरावर धरून राहतो. महिना, दोन महिने. मग कवातरी सुटतो. खाली लेकरं झोपनार. मना प्रत्येक खूण डोल्यांनी बघायची हाय."

बाईंचा चेहरा उतरला. खोल्या भरलेल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन बायका येणार होत्या. त्या थोड्या तुटकपणे म्हणाल्या, "तुमच्या एका चुकीसाठी मी सगळ्यांना परत हलवू?"

हसूदादाला ते लागलं. त्याच्या मानेवरून मला दिसलं. तो म्हणाला, "व्हय. चूक माझी. म्हनून तर सांगतो."

बाईंनी मावशींना हाक मारली आणि पहिली खोली मोकळी करायला सांगितली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही छतं उतरली. हसूदादा प्रत्येक जोडाजवळ जाऊन बोट लावायचा आणि मोठ्यानं "हाय" म्हणायचा, अन्वरभाई कागदावर रेघ मारायचा. एकही जोड राहिलेला निघाला नाही. शेवटच्या फळीचा शेवटचा स्क्रू पिळून तो खाली उतरला. डॉक्टर बाई दारात उभ्या होत्या. "एकही नव्हता ना?" त्यांनी विचारलं.

"नव्हता."

"मग आता मलाही शांत झोप लागेल," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं त्याला खुर्ची दिली.

हसूदादाचा एक रिवाज होता. नव्या लाइनचा पहिला नळ तो स्वतः कधी सोडायचा नाही. ज्या बाईनं आजवर पाणी वाहिलं तिनं सोडायचा. पावलं भाजलेल्या मावशींना त्यानं वर बोलावलं. त्यांनी नळ फिरवला, पाणी आधी गार आलं, मग कोमट, मग गरम. मावशी धारेखाली हात धरून उभ्याच राहिल्या. खोलीतली एक बाळंतीण म्हणाली, "मावशी, बंद करा, वाया जातंय," आणि सगळे हसले.

त्यानंतर अलिबागच्या पट्ट्यात दाबलेल्या जोडांची कामं हसूदादा आणि अन्वरभाईकडेच येऊ लागली. पोयनाडचे, पेणचे मिस्त्री मशीन घ्यायच्या आधी माझ्या दुकानात येऊन त्याची वाट बघत बसत. तो त्यांना कुठलं मशीन घ्या असं कधी सांगायचा नाही. तुमचे नळ किती मापाचे, जोड कुठले, दुरुस्ती कुठं होते, एवढंच विचारायचा. उत्तर नसेल तर म्हणायचा, "मग अजून घेऊ नका."

गेल्या पावसाळ्यात तो गेला. दुपारचं जेवून पडला तो उठलाच नाही. अन्वरभाईनं मला फोन करून सांगितलं.

मी त्याला शेवटचं बघितलं ते त्याआधी तीन महिने, मांडव्याच्या जेट्टीवर. मी लेकीकडे तीन-चार महिन्यांसाठी मुंबईला निघाले होते. बोटीच्या रांगेत पुढं हसूदादा दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नवे बूट, हातात मशीनची पेटी. मुंबईत प्लंबिंग शिकवणाऱ्या एका संस्थेनं तिथल्या शिक्षकांना हातपंपाच्या मशीनचं काम दाखवायला त्याला बोलावलं होतं, हे अन्वरभाईकडून मला कळलं होतं. मी हाक मारणार, तोच तपासणीवरच्या गार्डनं त्याला थांबवलं.

"काका, पेटीत काय?"

हसूदादानं पेटी खाली ठेवून उघडली. गार्डला मशीन कळेना. तेव्हा त्यानं नमुन्याला घेतलेला, दोन नळ जोडलेला एक तुकडा काढून त्याच्या हातात दिला.

"ओढ," तो म्हणाला.

गार्डनं ओढलं. मग पाय रोवून दोन्ही हातांनी ओढलं. रांग खोळंबली, बोटीचा भोंगा झाला, मागून कुणीतरी कुरकुरलं. हसूदादाला कसलीच घाई नव्हती. गार्ड दमून हसला आणि त्यानं तो तुकडा परत केला. हसूदादानं तो शर्टाच्या टोकानं पुसून पेटीत ठेवला, पेटी उचलली आणि मागं न बघता, नवे बूट करकर वाजवत, तो फळीवरून बोटीत चढला.